मुलगी १३ वर्षांची आहे, सांगलीत शाळेकडून फुटबॉल खेळते. भारताच्या १७ वर्षांखालील मुलींच्या संघापर्यंत कशी पोहोचेल?

आधी महाराष्ट्राच्या संघात यावं लागेल, कारण देशाच्या संघासाठी मुली मुख्यतः राज्याराज्यांच्या राष्ट्रीय स्पर्धांतून हेरल्या जातात. राज्याचा संघ वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन निवडते, त्यामुळे तिच्याशी जोडलेल्या क्लबकडून किंवा जिल्हा संघटनेकडून मुलीची नोंदणी आजच करा. शाळेची वाट वेगळी आहे: १७ वर्षांखालील मुलींचा सुब्रतो कप, म्हणजे शाळांच्या संघांची देशपातळीवरची स्पर्धा. जिल्हा, मग कोल्हापूर विभाग, मग राज्य, असं जिंकत जावं लागतं. तिथे निवड संघाची होते, एकट्या मुलीची नाही, म्हणून फक्त शाळेवर विसंबू नका.

मिरजेत मी शाळकरी मुलींना शिकवतो. चांगल्या मुली खेळापेक्षा कागदावर अडतात, हे पाहून जीव तुटतो. गेल्या हंगामात आमच्या गोलकीपरच्या जन्मदाखल्यावर ‘पुजा’ आणि आधारवर ‘पूजा’ होतं. एका उकारापायी ती दिवसभर बाकावर बसली. दाखला, आधार, बोनाफाईड आत्ताच जुळवून घ्या.

एक मात्र ध्यानात ठेवा. वय आजच्या तारखेवर नाही, जन्मवर्षावर धरतात. २०२२चा १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, आपल्या नवी मुंबईतही सामने होते. त्यात १ जानेवारी २००५ किंवा नंतर जन्मलेल्याच मुली खेळू शकल्या. डिसेंबरात जन्मलेल्या मुलीला या नियमात जवळजवळ वर्षभर मोठ्या मुलींशी झुंजावं लागतं. तुमची मुलगी तशी असेल, तर पहिल्या चाचणीत नाव आलं नाही म्हणून खेळ सोडवू नका.