गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडतो, म्हणजे मेंदूचा निरोप पोहोचतो का?

आपण विचारले आहे की, उंचावरून पडून आपल्या भावाचा छातीचा आठवा मणका मोडल्याला तीन महिने झाले असून त्याला पाय स्वतःहून हलवता येत नाहीत. मात्र डॉक्टरांनी गुडघ्याखाली हातोडीने ठोकताच पाय जोराने उडतो आणि रात्री दोन्ही पाय आपोआप आखडतात, तर मेंदूचा निरोप पुन्हा पायांपर्यंत पोहोचू लागला आहे का? आधी नेमके उत्तर देतो. पाय असा उडण्यासाठी मेंदूच्या निरोपाची गरजच नसते. ते काम मेरुरज्जूचा, म्हणजे पाठीच्या कण्यातून खाली जाणाऱ्या चेतातंतूंच्या दोराचा, जखमेखालचा भाग एकटा करतो. त्यामुळे या हालचालीवरून सुधारणेचा निष्कर्ष काढता येत नाही, पण सुधारणा होणारच नाही असाही तिचा अर्थ नाही.

मेरुरज्जू संपूर्ण पाठीच्या कण्याइतका लांब असतो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात प्रौढ माणसात तो साधारण ४५ सेंटीमीटर लांब असून कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, आणि त्याखाली केवळ खाली जाणाऱ्या चेतामुळांचा (रज्जूतून निघणाऱ्या चेतांच्या सुरुवातीच्या भागांचा) झुबका असतो. गर्भात सुरुवातीला दोघांची लांबी सारखीच असते. पुढे कणा अधिक वाढतो आणि रज्जू वर राहून जातो. त्याच्यापासून चेतांच्या ३१ जोड्या निघतात. पायांचे स्नायू चालवणारा त्याचा फुगीर भाग कमरेत नसून छातीच्या शेवटच्या काही मणक्यांच्या आड असतो, आणि आपल्या भावाच्या बाबतीत हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. आठव्या मणक्यापाशी इजा झाली की वरून येणारा मार्ग तुटतो, पण पायांचे केंद्र खाली शाबूत राहते. हीच इजा बाराव्या मणक्यापाशी झाली असती, तर बहुधा ते केंद्रच चिरडले गेले असते; मग पाय लुळे पडतात, स्नायू झपाट्याने बारीक होतात आणि हातोडीला प्रतिसाद मिळत नाही. रिपोर्टमध्ये मोडलेल्या मणक्याचा क्रमांक आणि इजेची पातळी वेगवेगळी लिहिलेली दिसली, तर त्याचेही कारण बहुधा लांबीतील हाच फरक असतो.

रज्जूचा आडवा छेद घेतला, तर मध्यभागी फुलपाखराच्या पंखांसारखा करडा भाग दिसतो आणि त्याभोवती वर-खाली निरोप नेणाऱ्या तंतूंचा पांढरा भाग असतो. करड्या भागाच्या पुढच्या शृंगात, म्हणजे शिंगासारख्या टोकात, स्नायूंना आज्ञा देणाऱ्या प्रेरक चेतापेशी असतात. धडाच्या स्नायूंच्या पेशी आतल्या बाजूला आणि हातापायांच्या पेशी बाहेरच्या बाजूला, अशी त्यांची मांडणी असते. हालचालीची आज्ञा मेंदूच्या बाह्यकातून (बाहेरच्या थरातून) येवो, तोल सांभाळणाऱ्या केंद्रांतून येवो किंवा त्वचेला बसलेल्या चटक्यातून येवो, स्नायूपर्यंत जायचे तर तिला याच पेशींमधून जावे लागते.

आता हातोडीकडे वळू. गुडघ्याच्या वाटीखालच्या स्नायुबंधावर ठोकले की मांडीचा पुढचा स्नायू किंचित ताणला जातो. स्नायूच्या आत असलेले ताणाचे संवेदक जागे होतात आणि त्यांचे तंतू मागच्या मुळातून रज्जूच्या कमरेच्या दुसऱ्या ते चौथ्या खंडांत (हे रज्जूचे भाग आहेत, मणके नव्हेत) शिरून थेट प्रेरक पेशींना भिडतात. पुढच्या मुळातून आज्ञा बाहेर पडते आणि सेकंदाच्या विसाव्या भागापेक्षाही कमी वेळात स्नायू आकुंचन पावू लागतो. त्याच क्षणी मधल्या एका पेशीमार्फत मांडीच्या मागच्या स्नायूला थांबवले जाते. तसे झाले नाही, तर दोन्ही स्नायू एकमेकांना ओढत राहतील. परस्परविरोधी स्नायूंचा हा मेळ ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी प्रयोगांनी उलगडून दाखवला, आणि चेतापेशींच्या कार्यावरील संशोधनासाठी त्यांना १९३२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मग पाय इतक्या जोराने का उडतो? मेंदू आज्ञा देतो तसा आवरही घालतो. बाह्यकातून निघणारे बहुतेक प्रेरक तंतू लंबमज्जेत (मेंदूच्या रज्जूला जोडणाऱ्या सर्वांत खालच्या भागात) बाजू ओलांडून खाली येतात, आणि त्यांच्या जोडीला मस्तिष्कस्तंभातून, म्हणजे मेंदूच्या देठातून, येणारे मार्ग रज्जूतील प्रतिक्षिप्त क्रिया, म्हणजे हातोडीने पाय उडण्यासारख्या आपोआप होणाऱ्या हालचाली, मर्यादेत ठेवतात. इजेनंतर हे सारे एकाएकी थांबल्यामुळे काही दिवस ते काही आठवडे रज्जूचा खालचा भाग मूक होतो आणि पाय पूर्ण ढिले पडतात. त्यानंतर प्रतिक्षिप्त क्रिया परततात, पण आवर नसल्यामुळे वाढीव जोराने. तीन महिन्यांनी आपल्याला दिसते आहे ते हेच आहे.

रज्जूची क्षमता एका झटक्यापुरती नसते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ ग्रॅहम ब्राउन यांनी १९११ साली मांजरांवरील प्रयोगांत दाखवले की, मेंदूपासून तोडलेला रज्जूही पावले टाकण्याची लय निर्माण करू शकतो. माणसात ही लय मेंदूच्या आधाराशिवाय फारच दुबळी असते, मात्र ती नाहीशी झालेली नसते. अमेरिकेतील लुईव्हिल आणि स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधक गटांनी रज्जूच्या आवरणावर विद्युत्-पट्ट्या बसवून काही रुग्णांमध्ये इच्छेनुसार हालचाल परत आणली आहे. हे काम मला मनापासून आश्वासक वाटते. तरीही सरसकट सर्वांना मिळणारा हा उपचार नव्हे, त्यामुळे त्याच्या जाहिराती पाहून घर विकण्याचा विचार कृपया करू नये.

मेंदूचा निरोप पोहोचतो का, हे पाहायचे असेल तर हातोडी नको. भाऊ शांत पडलेला असताना, पायाला स्पर्श न करता, त्याला उजवा अंगठा वर करायला सांगावे. सांगितल्यावर हलला, थांब म्हटल्यावर थांबला आणि पुन्हा सांगितल्यावर तसाच हलला, तरच ती ऐच्छिक हालचाल समजावी. याहून महत्त्वाची खूण गुदद्वारापाशी मिळते. तिथे स्पर्श कळत असेल किंवा ते स्वतःहून आवळता येत असेल, तर रज्जूच्या अगदी शेवटच्या खंडांपर्यंत काही तंतू शाबूत आहेत आणि पुढील सुधारणेची शक्यता बरीच अधिक आहे. ही तपासणी झाली आहे का, हे डॉक्टरांना संकोच न करता विचारावे.

रात्रीच्या आखडण्याबद्दल सांगायचे, तर पोटऱ्या आणि मांड्यांचे स्नायू रोज सावकाश ताणावेत, झटका देऊ नये, कारण झटक्याने तीच प्रतिक्षिप्त क्रिया चेतवली जाते. आखडणे अचानक वाढले, तर लघवीतील जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ किंवा पाठीवर-टाचेवर होऊ लागलेली जखम आधी शोधावी. भावाला ते दुखणे जाणवत नसले तरी रज्जूला जाणवते. बॅक्लोफेनसारखे आखडणे कमी करणारे औषध सुरू असल्यास ते आपल्या मनाने एकदम बंद करू नये, त्याने फिट येऊ शकते. मात्रा वाढवण्यापूर्वी फिजिओथेरपिस्टचेही मत घ्यावे, कारण काही रुग्णांना पलंगावरून खुर्चीत जाताना पायांच्या याच ताठरपणाचा आधार होतो आणि औषधाने तो गेला की उठणे अधिक कठीण होते.