चार्ट पेपर आणि खिडकीतला कप

अगं पोरी,

तुझा मेसेज दोनदा वाचला. आपल्या बडोद्यातच, वाघोडिया रोडच्या शाळेत नोकरी आणि लगेच पाचवीची क्लासटीचर, मला इतका आनंद झाला की काकांना तसंच शेव-उसळ आणायला पिटाळलं. पण शेवटी तू लिहिलंस ना, ‘मावशी, आता जात-बीत कोण बघतं, ज्याच्याकडे पैसा त्याला मान’, ते काही डोक्यातून जाईना. अर्धं बरोबर आहे तुझं.

बरोबर आहे ते आधी. वर्गात भेदभाव कशापासून सुरू होतो विचारशील तर मी म्हणेन चार्ट पेपरपासून. आपण सहज सांगतो, उद्या प्रोजेक्ट आणा, कलर प्रिंट चिकटवून. बरीच पोरं आणतात, चार-पाच जण आणत नाहीत, कारण महिन्याची पंचवीस तारीख असते आणि घरी प्रिंटचे पैसे मागायची सोय नसते. पोरगं ते सांगत नाही, ‘विसरलो’ म्हणतं. तीनदा विसरलं की आपण केअरलेस म्हणतो, मग बाक मागे जातो, मग त्याच्याशेजारी कोणी बसत नाही, आणि त्याच्या आईचा खाडा कापला जातो म्हणून ती मीटिंगला येत नाही तर स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणतंच, ‘या लोकांना शिक्षणाची पडलेलीच नाही’. मीसुद्धा म्हटलंय एकदा, खोटं कशाला बोलू.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं, म्हणजे आरटीईनं, खाजगी शाळेत 25 टक्के जागा गरीब आणि वंचित घरच्या पोरांना ठेवल्या, त्यांच्या फीपोटी सरकार शाळेला पैसे देतं. चांगलंच झालं. पण पिकनिकचे, वाढदिवसाच्या चॉकलेटचे पैसे कोण देणार? त्यामुळे आठवडाभरात पोरांना कळतं आरटीईवाला कोण ते. तुझ्या रजिस्टरमध्ये तशी खूण असली तर मोठ्यानं वाचू नकोस, आणि ‘आरटीईची मुलं उभी राहा’ असं तर चुकूनही म्हणू नकोस, मी ऐकलंय ते वाक्य, तेही चांगल्या शिकलेल्या बाईच्या तोंडून.

आता उरलेलं अर्धं. कमाटी बागेत तू लहानपणापासून जातेस, तिथली संकल्प भूमी, बाबासाहेब आंबेडकरांच्या आठवणीची जागा, पाहिलीस का नीट? बाबासाहेब 1913 मध्ये सयाजीरावांच्या स्कॉलरशिपवर अमेरिकेला शिकायला गेले आणि 1917 मध्ये करारानुसार इथे नोकरीला आले. कोलंबियाचं शिक्षण, दरबारातला हुद्दा, पगार, सगळं होतं. राहायला जागा नव्हती. शेवटी खोटं पारशी नाव लावून एका पारशी सरायमध्ये राहिले, रोजचे दीड रुपये देऊन, आणि अकराव्या दिवशी दहा-बारा माणसं लाठ्या घेऊन दारात. दोन मित्रांकडे विचारून पाहिलं, तिथेही जमलं नाही. मग याच बागेत बसले, रात्री नऊच्या मुंबई गाडीची वाट बघत. आणि हे कुठे, तर 1906 मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करणाऱ्या राजाच्या गावात! खिशात पैसे होते गं, पण खोली देणारा आधी नाव विचारत होता.

म्हणून पैसा वेगळा आणि जात वेगळी असं खातं पाडता येत नाही. कोणी कुठलं काम करायचं ते आधी जन्मानं ठरलं, त्या कामाला कमी पैसे ठरले, कमी पैशात मिळते ती वस्ती, त्या वस्तीला लागून असते ती शाळा, आणि चार पिढ्यांनी आपण त्या पोराचा मळका युनिफॉर्म बघून म्हणतो की हे असेच असतात.

तुझ्यापुरतं सांगते. प्रोजेक्ट घरी देऊच नकोस, शाळेच्या वेळात करून घे. चार्ट पेपर, फेव्हिकॉल, जुनी मासिकं कपाटात ठेव, सगळ्यांना तिथूनच. प्रिन्सिपल कुरकुर करतील, करू देत, महिनाभर करतात. बाकाची जागा दर सोमवारी बदल. आणि मीटिंगला न आलेल्या आईला संध्याकाळी फोन कर, पण तक्रार नको, पोराचं एक चांगलं काहीतरी सांग आधी.

आणि घरातही बघ. दांडिया बाजारात आमच्याकडे भांड्याला यायची तिचा टवका उडालेला कप वेगळा, खिडकीच्या कट्ट्यावर पालथा असायचा. पुढे तिचा मुलगा रेल्वेत लागला, ती पेढे घेऊन आली. आईनं तिला खुर्चीवर बसवलं, चांगल्या कपबशीत चहा दिला, मला वाटलं चला, सुटलो एकदाचे. ती गेली तशी आईनं ती कपबशी धुतली आणि खिडकीत नेऊन पालथी घातली, त्या जुन्या कपाशेजारी.

मी तेव्हा टीचर्स ट्रेनिंगला होते. बघत उभी राहिले, बोलले काहीच नाही.

रविवारी ये, रजिस्टर घेऊन ये.

तुझी मावशी