उंची नेमकी कुठून मोजायची?

मुंबईत प्लॉटचा पहिला नकाशा काढायला घेताय, तर आधी क्षेत्रफळ पक्कं करा. प्रॉपर्टी कार्डावरचा आकडा आणि जागेवरची मोजणी क्वचितच तंतोतंत जुळतात. हिशेब कमी आकड्यावर धरलेला बरा. विकास आराखड्यात रस्ता रुंद होणार असेल, तर तेवढी पट्टी आधी वजा करा. समोरची मोकळी जागा रस्त्याच्या नव्या हद्दीपासून मोजतात, आजच्या कुंपणापासून नव्हे. नवखे इथेच चुकतात, आणि मग अख्खी इमारत मागे सरकवावी लागते. बाजूची व मागची मोकळी जागा उंचीवर ठरते, म्हणून एक मजला वाढवला की ती पुन्हा तपासा.

खरी गोम उंचीत आहे. पालिकेची उंची इमारतीभोवतालच्या जमिनीच्या सरासरी पातळीपासून. विमानतळ प्राधिकरणाची मात्र समुद्रसपाटीपासून! परवानगी ६० मीटरची आणि जमीन ९ मीटरवर असेल, तर हातात उरतात ५१. त्यातच लिफ्टची खोली, पाण्याची टाकी, वीजरोधकाची सळईसुद्धा बसवायची.

आणखी एक मुंबई स्पेशल त्रास: इथल्या जमिनीच्या जुन्या पातळ्या टाउन हॉल डेटममध्ये असतात (डेटम म्हणजे पातळी जिथून मोजतात ती शून्य पातळी). समुद्रसपाटीच्या आकड्याहून त्या वीस मीटरपेक्षा जास्त भरतात. सर्व्हेअरकडून नकाशावर डेटम कोणता ते लिहूनच घ्या.