बेदाणा, काळीज आणि कॅल्शियमची बाटली

या खेपेच्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा आहे: कुत्र्या-मांजरांना पाकिटातलं न देता घरचं, नैसर्गिक काय द्यावं, आणि वर कुठलं टॉनिक घालावं? प्रश्न मोलाचा आहे. पण वर काय घालायचं हे सांगायच्या आधी भांड्यात रोज काय पडतं ते मला कळायला हवं. म्हणून ज्यांनी रोजचं जेवण सविस्तर लिहिलं, त्यांची पत्रं आधी घेतली आहेत.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे, बेदाणाही घरचाच. गंधकाची धुरी देत नाही, फवारणी अगदी बेताची. लॅब्रॅडॉरला बिस्किटांऐवजी रोज मूठभर बेदाणे देतो. तो आवडीने खातो. एकांनी ‘बेदाणा कुत्र्याला विष आहे’ असं सांगितलं. विनारसायन असला तरी चालणार नाही का? – एक बागायतदार, तासगाव

उत्तर : नाही चालणार. आजच बंद करा, आणि घरातल्या मुलांनाही सांगून ठेवा, कारण खाऊ वाटण्यात तीच पुढे असतात.

तुम्ही माल स्वच्छ पिकवता याचं मला कौतुक आहे, पण इथे त्याने फरक पडत नाही. दोष फवारणीचा नाही, वाळवण्याआधी द्राक्षं ज्यात बुडवतात त्या डिपिंग ऑइलचा नाही आणि धुरीचाही नाही, तो द्राक्षातच आहे. द्राक्षं खाऊन कुत्र्यांच्या किडन्या निकामी होतात हे पशुवैद्यांना बऱ्याच वर्षांपासून ठाऊक होतं, पण कारण सापडत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. आपल्या शरीरातून ते सहज निघून जातं, कुत्र्याच्या किडनीला मात्र ते नीट बाहेर टाकता येत नाही. द्राक्षाचं वाण आणि पिकण्याची अवस्था यांनुसार या आम्लाचं प्रमाण बदलतं. त्यामुळे एखादा कुत्रा बरेच दिवस खाऊनही धडधाकट दिसतो आणि दुसरा एका मुठीत आडवा होतो. वाळवताना पाणी उडून जातं, आम्ल मागे राहतं, म्हणून बेदाणा द्राक्षापेक्षा जास्त घातक. चिंचेतही हेच आम्ल भरपूर असतं, तेव्हा आंबट आमटीत भाकरी कुस्करून घालू नका.

कुत्र्याने बेदाणे खाल्ल्याचं लक्षात आलं तर लक्षणांची वाट पाहू नका. पहिल्या दोन तासांत दवाखान्यात आणलंत तर इंजेक्शन देऊन उलटी करवता येते. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, त्याने रक्तातलं मीठ वाढून दुसरंच संकट उभं राहतं. साधारण दिवसभरात उलट्या सुरू होतात, मग कुत्रा मलूल होतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी कमी होऊ लागते. तोवर किडनीला मार बसलेला असतो. वेळेत सलाइन सुरू झालं तर बरेच कुत्रे वाचतात.

एक कळकळीची विनंती सगळ्याच बेदाणा उत्पादकांना. राखणीचा कुत्रा बेदाणा वाळवायच्या रॅकखाली बांधू नका. खाली सांडलेला माल तो दिवसभर चाटत, वेचत असतो, आणि तो किती खातो हे कुणाच्याच लक्षात येत नाही.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, घरात अंडंसुद्धा येत नाही. मांजर दूध-पोळी, दहीभात आणि तुपातला शिरा खातं. वय अडीच वर्षं. हल्ली अंधारात वस्तूंवर आपटतं, पूर्वीसारखं उडी मारत नाही. एखादं नैसर्गिक टॉनिक सुचवाल का? – एक गृहिणी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, टॉनिक सुचवण्याआधी मला तुमचं मांजर बघायचं आहे. डोळे आणि हृदय, दोन्ही तपासायला हवं, आणि ते याच आठवड्यात.

कुत्रा माणसाच्या सोबतीने पिष्ट पचवायला शिकला, भाकरीतून त्याला बळ मिळतं. मांजराचं तसं नाही. त्याच्या शरीराला टॉरिन नावाचा घटक आयताच लागतो, आणि तो धान्यात, भाजीत नसतो. दुधातला तर नावापुरता. टॉरिन कमी पडलं की डोळ्याचा पडदा झिजतो आणि हृदयाचे स्नायू सैल पडून हृदय फुगतं. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या पॉल पायन या पशुवैद्याने हृदय फुगलेल्या मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी असल्याचं दाखवलं आणि ते देऊन मांजरं बरी केली. ती मांजरं पाकिटातलं, डब्यातलंच खात होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिनचं प्रमाण वाढवलं. पूरक घटकाने खरोखर जीव वाचवल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. हृदय पुष्कळदा सावरतं, पडद्याचं झालेलं नुकसान मात्र भरून येत नाही. म्हणून घाई करा म्हणते.

मग दूध-पोळीवर टॉरिनची पूड टाकली तर? पुरणार नाही. गाजरातल्या रंगद्रव्यापासून आपण अ जीवनसत्त्व तयार करतो, मांजराला ते जमत नाही. अरॅकिडोनिक आम्ल हे गरजेचं स्निग्धाम्लही त्याला मांस, मासे, अंडी यांतूनच मिळतं. शिवाय मोठ्या मांजरांना दुधातली साखर बहुधा पचत नाही, जुलाब होतात.

तुमच्या घरची शिस्त मी समजू शकते, आपल्या भागात अशी कितीतरी घरं आहेत. अशा घरांना मी मांजरांसाठीचं संपूर्ण आहार असलेलं कोरडं खाद्य सुचवते. स्वयंपाकघरात मांस येत नाही, भांडं गॅलरीत वेगळं ठेवता येतं. पाकिटावर ते पूर्ण आहार आहे की नुसता खाऊ, हे वाचून घ्या, खाऊच्या पाकिटावर मांजर जगत नाही. बदल एका दिवसात करू नका. आठ-दहा दिवसांत थोडं थोडं वाढवा. मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडलं तर त्याच्या यकृतात चरबी साचते, आणि तो आजार जिवावर बेततो. हेही मनाला पटत नसेल तर मांजर अशा घरी द्या जिथे त्याला हे मिळेल. सांगायला जड जातंय, पण त्याच्या डोळ्यांचा प्रश्न आहे.

जी घरं मांजराला चिकन शिजवून देतात त्यांच्यासाठी थोडंसं: उकळताना टॉरिन पाण्यात उतरतं, तेव्हा ते पाणी ओतून देऊ नका, जेवणातच मिसळा. छातीच्या मांसापेक्षा तंगडीत टॉरिन जास्त, आणि हृदयात तर भरपूर.

प्रश्न : कारवानी जातीचं चार महिन्यांचं पिल्लू आहे. ताकद यावी म्हणून रोज बिनहाडाचं मटण, काळीज आणि थोडी शाळूची भाकरी देतो. पुढचे पाय वाकायला लागले आहेत. मेडिकलमधून कॅल्शियमची बाटली आणली, कॉड लिव्हर ऑइलच्या गोळ्याही चालू केल्या, सकाळी उन्हात बांधतो. अजून काय द्यावं? – एक शेतकरी, जत तालुका

उत्तर : अजून काही देऊ नका दादा, आधी एक्स-रे काढा.

नुसत्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो. पिल्लाला ही दोन्ही जवळपास सारखी हवीत, कॅल्शियम थोडं जास्तच. रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर मग हाडांतून ते ओढून घेतं. हाडं मऊ पडतात, वाकतात, साध्या उडीने मोडतात. माझ्याकडे येणारी अशी पिल्लं उपाशी नसतात. उलट घरातलं सगळ्यात महाग अन्न त्यांच्याच पुढ्यात असतं, आणि म्हणूनच मला फार वाईट वाटतं.

काळीज, म्हणजे यकृत, रोज नको. त्यात अ जीवनसत्त्व खूप, आणि तुम्ही वर कॉड लिव्हर ऑइल देताय, त्यातही अ आणि ड. ही दोन्ही शरीरात साठतात, जास्त झाली की हाडांनाच बाधतात. काळीज एकूण जेवणाच्या विसाव्या भागाइतकं पुरे. गोळ्या तपासणी होईपर्यंत थांबवा. उन्हाबद्दल सांगायचं तर, कुत्र्याच्या कातडीत उन्हाने पुरेसं ड जीवनसत्त्व तयार होत नाही, ते अन्नातूनच यावं लागतं. काळजातून आणि अंड्याच्या बलकातून ते येतं, तेव्हा दोन्ही बेताने राहू देत.

अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, मिक्सरमध्ये अगदी बारीक दळली की चांगलं कॅल्शियम घरातच मिळतं. अर्धा सपाट चहाचा चमचा पूड म्हणजे साधारण १ ग्रॅम कॅल्शियम. घरचं जेवण खाणाऱ्या २० किलोच्या मोठ्या कुत्र्याचं रोज एवढ्यावर भागतं. वाढत्या पिल्लाची गरज वजनाच्या मानाने बरीच जास्त असते, ती वजन करून ठरवावी लागते, म्हणून तुमच्यासाठी आकडा इथे लिहीत नाही.

आणि ज्यांचं ग्रेट डेन किंवा जर्मन शेफर्डचं पिल्लू पिल्लांसाठीचं पूर्ण खाद्य खातंय, त्यांनी ही कॅल्शियमची बाटली घेऊच नये. लहान पिल्लाला आतड्यातून येणारं जादा कॅल्शियम अडवता येत नाही. हाडांची वाढ बिघडते, आणि पाय वाकडे दिसले म्हणून मालक आणखी एक बाटली आणतात.

प्रश्न : बारा वर्षांच्या कुत्रीला उठताना त्रास होतो, वजनही वाढलंय. सांगलीची हळद, मिरी आणि खोबरेल तेल एकत्र करून देतेय, जवसाची पूडही. ठीक आहे ना? – निवृत्त शिक्षिका, इस्लामपूर

उत्तर : चिमूटभर हळदीने बिघडत काही नाही, पण सांधेदुखी तिच्यावर सोपवू नका. हळदीतलं कुरकुमीन रक्तात फारच थोडं उतरतं. खोबरेल आजच थांबवा, एका मोठ्या चमच्यात सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात आणि तिला वजन कमी करायचं आहे. जाड कुत्र्यांचं वजन सहा टक्क्यांच्या आसपास उतरलं तरी लंगडणं कमी होतं, असं अभ्यासात दिसलं आहे. तुमची कुत्री तीस किलोची असेल तर दोन किलो. संध्याकाळची अर्धी पोळी आणि चहाबरोबरची बिस्किटं थांबवून सुरुवात करा.

जवसातलं ओमेगा-३ कुत्र्याला फारसं वापरता येत नाही, मांजराला तर जवळजवळ नाहीच. सांध्यांसाठी माशाचं तेल घ्या. कॉड लिव्हर ऑइल वेगळं, ते यासाठी नको. मात्रा वजनावर ठरते. सांध्यांसाठी विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनचे पुरावे मला फारसे पटलेले नाहीत, त्या पैशांत घसरत्या फरशीवर जाजम घाला. आणि घरातली डायक्लोफेनॅक किंवा कॉम्बिफ्लाम यांसारखी वेदनाशामक गोळी कधीही देऊ नका, पोटात रक्तस्राव होतो. मांजरांच्या बाबतीत पॅरासिटामॉलची एक गोळीही जीव घेते.

प्रश्न : कच्चं मांस हाच कुत्र्याचा मूळ आहार ना? मटणाच्या दुकानातून फोपसं (फुफ्फुसं) आणि काळीज कच्चंच आणतो. रविवारी आमच्या रश्श्याआधी काढलेलं मटणाचं अळणी पाणीही देतो, तिखट नसतं. – एक वाचक, सातारा

उत्तर : फोपसं कच्चं देणं आधी थांबवा. शेळ्या-मेंढ्यांच्या फुफ्फुसांत आणि यकृतात पाण्याच्या गाठी असू शकतात. त्यातून कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक टेपवर्म वाढतो. कुत्रा ठणठणीत दिसतो, पण त्याच्या विष्ठेतली अंडी घरच्या लेकरांच्या हाताला लागून पोटात गेली की तशाच गाठी माणसाच्या लिव्हरमध्ये होतात आणि ऑपरेशन करावं लागतं. खळखळ उकळून द्या म्हणजे धोका राहत नाही. शिजवलेली हाडं मात्र देऊ नका, ती टोकदार तुटतात.

अळणी तिखट नसलं तरी त्यात कांदा, लसूण असतोच. दोन्हींनी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, मांजराच्या त्याहून लवकर, आणि शिजवून हा दोष जात नाही. कांदा-लसूण मसाला तर वाळवलेला, म्हणजे आणखी तीव्र. गोचिडांसाठी लसूण खाऊ घालतात तेही याचसाठी चुकीचं. रविवारी कुत्र्यासाठीचे मटणाचे तुकडे कांदा पातेल्यात पडायच्या आधी वेगळ्या भांड्यात हळद आणि पाणी घालून शिजवा. आणि आजवर कच्चं खाल्लंय म्हणून प्राझिक्वांटेल असलेलं जंताचं औषध या आठवड्यात देऊन घ्या. त्यानंतरचे दोन-तीन दिवस विष्ठा हातमोजे घालून उचला आणि खोल पुरा.