पेट स्कॅनमध्ये चमकलं म्हणजे आजार वाढलाच का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आम्ही कराडजवळचे, आई ६३ वर्षांची. तिच्या डाव्या टाचेला काळा डाग होता, कुरूप समजून आम्ही बरेच महिने कॉर्न कॅप लावत बसलो, मग तो चिघळला आणि बायोप्सीत मेलानोमा (त्वचेचा एक कॅन्सर) निघाला. टाचेचं ऑपरेशन झालं, जांघेतल्या गाठी काढल्या. वर्षभर ठीक होतं, नंतर फुफ्फुसात तीन छोट्या गाठी दिसल्या. बीरॅफ जीनची टेस्ट निगेटिव्ह. पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या इंजेक्शनचे चार डोस झालेत, दर तीन आठवड्यांनी एक. आता नवीन पेट स्कॅन आलाय (आधीचा दुसऱ्या सेंटरला केला होता). दोन गाठी होत्या तेवढ्याच आहेत, एक ९ मिमीची १२ झालीय, छातीच्या मध्यात दोन्ही बाजूंना नवीन लिम्फ नोड (लसिकाग्रंथी) चमकतायत, आतड्यातही सगळीकडे चमक आहे, आणि खाली लिहिलंय 'बहुधा आजार वाढला आहे, क्लिनिकली पडताळावे'. आमचे डॉक्टर म्हणतात आता इपिलिमुमॅब आणि निवोलुमॅब ही इम्युनोथेरपीचीच दोन औषधं एकत्र देऊ. पुण्याचे दुसरे डॉक्टर म्हणतात थांबा, हे खोटं वाढणंही असू शकतं. भाऊ म्हणतो अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर याच इंजेक्शनने बरे झाले, तेच चालू ठेवू. आई घरात सगळं करते, वजन उतरलेलं नाही, शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू आहे. खर्चासाठी एक एकर विकायचं घाटतंय. आईला 'इन्फेक्शनची गाठ आहे' एवढंच सांगितलंय. काय करावं?
– एक मुलगी, कराड तालुका

उत्तर : ताई, आधी माझं मत सांगतो आणि मग कारणं. या एका रिपोर्टवर या आठवड्यात औषध बदलू नका, आणि जमीन तर अजिबात विकू नका. पण नुसतं थांबूही नका, मधल्या काळात तीन-चार गोष्टी करून घ्यायच्यात.

पेट स्कॅनमध्ये आपण साखरेसारखं एक औषध शिरेतून देतो आणि शरीरात ते कुठे जास्त ओढलं जातंय ते बघतो. कॅन्सरच्या पेशी साखर ओढतात हे खरं, पण सूज असली तरी तिथल्या पेशी ओढतात, टीबी असला तरी ओढतात, आणि इम्युनोथेरपीचं कामच मुळात आपल्या पांढऱ्या पेशींना उठवून कामाला लावणं, त्यामुळे त्या जिथे जमतात तिथेही चमकतं. म्हणून या औषधांवर असलेल्या पेशंटचा पेट वाचणं अवघड जातं, रेडिओलॉजिस्टने 'बहुधा' लिहिलंय ते उगाच नाही, त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय, आपण मात्र घरी येईपर्यंत तो 'बहुधा' गाळून टाकतो.

आता एकेक बघू. आतड्यातली चमक आधी बाजूला काढा. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांच्या आतड्यात अशी सगळीकडे पसरलेली चमक नेहमी दिसते. फक्त आईंना जुलाब, पोटात मुरडा, शौचातून रक्त असं काही नाही ना हे विचारून घ्या, कारण या औषधांनी आतड्याला सूजही येते आणि तीही चमकते.

९ ची १२ मिमी झालेली गाठ. पेट करताना पेशंट साधा श्वास घेत असतो, फुफ्फुस हलत असतं, त्यात मशीन दुसरं, सेंटर दुसरं. ३ मिमीचा फरक एवढ्यानेही पडू शकतो. जगभर जे मोजमापाचे नियम वापरतात त्यात निवडलेल्या गाठींच्या मापांची बेरीज किमान २० टक्के आणि तीही किमान ५ मिमी वाढली, किंवा नवीन जागी आजार दिसला, तर 'वाढला' म्हणतात. तुमच्याकडे ५ मिमी भरत नाहीत. म्हणजे सगळा प्रश्न त्या नवीन नोडवर येऊन थांबतो.

आणि मला खरं तर तिथेच शंका आहे. टाचेचा मेलानोमा, जांघेत गाठी होत्या, फुफ्फुसातलं जवळपास जैसे थे, आणि एकदम छातीच्या मध्यात दोन्ही बाजूंना सारखे नोड? या इंजेक्शनांनी काही पेशंटमध्ये सारकॉइडसारखी (कॅन्सर नसताना नोड सुजवणाऱ्या आजारासारखी) प्रतिक्रिया येते, ती अगदी अशीच दिसते, दोन्हीकडे सारखी. शिवाय आपण महाराष्ट्रात राहतो, छातीतले नोड चमकले की टीबीचं नाव घ्यावंच लागतं, आणि इम्युनोथेरपी चालू असताना दबलेला टीबी वर आल्याच्या केसेस आहेत. आणि अर्थातच मेलानोमाही असू शकतो. ही तिन्ही उत्तरं स्कॅनमध्ये सारखीच दिसतात, पण तिघांचे उपचार एकमेकांपासून पार वेगळे. टीबी असताना कोणी स्टेरॉइड चालू केले तर पंचाईत, सारकॉइड असताना इपिलिमुमॅब वाढवलं तर त्रास फुकटचा.

म्हणून ईबस करून घ्या. दुर्बीण श्वासनलिकेत घालून सोनोग्राफीने नोड बघतात आणि सुईने तुकडा घेतात, गुंगी देऊन करतात, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी सोडतात. तो तुकडा पॅथॉलॉजीला पण आणि टीबीच्या तपासणीला पण, दोन्हीकडे पाठवायला सांगा, हे आधीच सांगावं लागतं. बायोप्सीने कॅन्सर पसरतो अशी भीती घरात कोणीतरी घालेलच, तिकडे लक्ष देऊ नका.

दुसरं, मेंदूचा एमआरआय, डाय देऊन. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. मेंदू स्वतःच भरपूर साखर खातो त्यामुळे पेटमध्ये तो सगळाच उजळलेला असतो आणि छोटी गाठ लपून जाते, आणि मेलानोमाला मेंदूत जायची वाईट खोड आहे. तिसरं, रक्तातलं एलडीएच (आजाराचा जोर वाढला की चढू शकणारं एक एन्झाइम), आधीच्या आकड्याशी ताडून बघा. आणि छातीचा साधा सीटी, श्वास रोखून, चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने, यापुढे प्रत्येक वेळी एकाच सेंटरला. २०१७ साली इम्युनोथेरपीसाठी मोजमापाचे नियम वेगळे केले गेले त्यात हेच आहे, की पहिल्यांदा वाढ दिसली तर ती 'पक्की न झालेली वाढ' धरायची आणि पेशंट ठणठणीत असेल तर चार ते आठ आठवड्यांनी परत बघून ठरवायचं. तोवर पेम्ब्रो साधारण चालू ठेवतात.

पुण्याच्या डॉक्टरांचं बरोबर आहे, पण 'खोटं वाढणं', म्हणजे पांढऱ्या पेशी जमून गाठ काही काळ मोठी दिसणं आणि नंतर आकसणं, या शब्दावर फार विसंबू नका. मेलानोमात ते दहात एकालाही होत नाही. स्कॅनवर वाढ दिसलेल्या बहुतेकांमध्ये ती खरीच वाढ असते. मी थांबा म्हणतोय ते आशेपोटी नाही, तुमच्या रिपोर्टमधलं चित्रच वाढीसारखं नीट दिसत नाही म्हणून. आणि थांबण्याला एक अट आहे, मधेच आईंना धाप, नवीन दुखणं, डोकेदुखी-उलटी, वजन उतरणं असं काही झालं किंवा एलडीएच चढलं तर आठवडे मोजत बसायचं नाही.

समजा नोडमध्ये मेलानोमाच निघाला. मग तुमच्या डॉक्टरांचा सल्ला चुकीचा नाही, तो प्रमाण उपचारांतलाच आहे. आकडे ऐकून घ्या. सुरुवातीलाच दोन औषधं एकत्र दिलेल्यांचा दहा वर्षांचा हिशोब २०२४ मध्ये आला, त्यात एकत्र घेणारे ४३ टक्के, नुसतं निवोलुमॅब घेणारे ३७ टक्के आणि नुसतं इपिलिमुमॅब घेणारे १९ टक्के दहा वर्षांनी हयात होते. हा आकडा कोणीतरी तुम्हाला दाखवेलच, पण तो आईंना तसाच लावता येत नाही, एक तर ते पेशंट पहिल्यांदाच औषध घेत होते आणि दुसरं म्हणजे त्यात बहुतेक गोऱ्या कातडीचे, उन्हाने झालेल्या मेलानोमाचे होते. तळपाय, तळहात, नखाखालचा मेलानोमा, जो आपल्याकडे जास्त दिसतो, त्याला ही औषधं कमी लागू पडतात. आईंच्या परिस्थितीच्या जवळचा अभ्यास वेगळा आहे, पेम्ब्रोसारखं औषध लागू न पडलेल्यांना दोन्ही एकत्र दिली तेव्हा २८ टक्क्यांच्या गाठी आकसल्या, नुसतं इपिलिमुमॅब दिलं तेव्हा ९ टक्क्यांच्या. म्हणजे लागू पडलं तर चांगलंच, पण चारातल्या एकीला. आणि दोन्ही एकत्र घेणाऱ्यांत निम्म्याहून जास्त जणांना गंभीर साइड इफेक्ट होतात, आतडं, लिव्हर, फुफ्फुस, हार्मोनच्या ग्रंथी. कराडहून रात्री-अपरात्री कुठल्या हॉस्पिटलला पोचता येईल, तिथे या औषधांचा अनुभव असलेलं कोणी आहे का, हे ठरवल्याशिवाय पहिला डोस घेऊ नका.

दोन पर्याय तुमच्या पत्रात नाहीत. एक, बायोप्सीचा तुकडा मेणात जपलेला असतो त्याच जुन्या ब्लॉकवर किट नावाच्या जीनची टेस्ट. बीरॅफ निगेटिव्ह म्हणजे डॅब्राफेनिब-ट्रॅमेटिनिबच्या गोळ्यांचा रस्ता बंद, पण तळपायाच्या मेलानोमात काही जणांना किटमध्ये बदल सापडतो आणि मग इमॅटिनिब देता येतं. ही गोळी आपल्याकडे जेनेरिक मिळते, इंजेक्शनांच्या मानाने खर्च काहीच नाही. सगळ्यांना लागू पडते असं नाही, पण टेस्ट न करता सोडून देणं मला पटत नाही. दोन, नोड निर्दोष निघाले आणि फक्त ती एकच गाठ पुढेही वाढत राहिली तर तेवढ्या गाठीवर नेमकं रेडिएशन देऊन पेम्ब्रो तसंच चालू ठेवता येतं.

भावाला सांगा, कार्टरांचं उदाहरण खोटं नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये नव्वदीत असताना त्यांनी जाहीर केलं, मेलानोमा लिव्हर आणि मेंदूत होता, डिसेंबरपर्यंत स्कॅन स्वच्छ, आणि १०० वर्षं पूर्ण करून २०२४ ला गेले. पण लिव्हरमधली गाठ ऑपरेशनने काढली होती, मेंदूला रेडिएशन दिलं होतं, पेम्ब्रो त्याच्या जोडीला होतं. ते बातमीत मागे पडतं.

दुसरं मत घ्यायचं तर परळच्या टाटाला घ्या, मेलानोमा आपल्याकडे इतका कमी की गावोगावच्या ऑन्कॉलॉजिस्टना वर्षात मोजकेच दिसतात. आईंना लगेच न्यायची गरज नाही, कागद घेऊन तुम्ही जा. नुसते रिपोर्ट नकोत, दोन्ही पेटच्या सीडी, ब्लॉक आणि स्लाइड न्या, खरा उपयोग त्यांचाच. तिथल्या सोशल वर्करला भेटून कंपन्यांच्या मदत योजनांची चौकशीही त्याच फेरीत करा.

आणि आईंना सांगण्याचं. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं. टाच कापली, जांघ कापली, दर तीन आठवड्यांनी डे-केअरला सलाइन, शेजारच्या खाटांवर केस गेलेली माणसं, त्यांना काहीच कळलं नसेल असं तुम्हाला खरंच वाटतं? पुढचा निर्णय साधा नाही, चारात एक फायदा आणि दोनात एक गंभीर त्रास हा व्यवहार कोणी करायचा? ज्यांच्या अंगावर होणार त्यांनी. त्यांना सगळे आकडे नकोत, 'तुम्हाला किती माहिती हवीय' एवढं डॉक्टरांनी आधी विचारावं आणि तेवढंच सांगावं. काही बायका म्हणतात, जे काय असेल ते करा पण मला सलाइन बस झालं. काही म्हणतात, नातीचं लग्न बघायचंय, होऊ दे त्रास. दोन्ही उत्तरं बरोबर. जमीन त्यांच्याही नावावर असेल तर विकण्याबद्दलही त्यांचं काहीतरी म्हणणं असेलच. पॅलिएटिव्ह केअरच्या (दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या) डॉक्टरांना याच टप्प्यावर भेटा, ते शेवटच्या दिवसांचेच डॉक्टर नसतात.

प्रश्न : वडिलांना (५८) मेलानोमासाठी इपिलिमुमॅब-निवोलुमॅब चालू होतं. दुसऱ्या डोसनंतर दिवसाला आठ-आठ जुलाब झाले, औषध बंद करून स्टेरॉइड दिले. आता बरे आहेत पण औषध थांबलं आणि वर स्टेरॉइड, म्हणजे सगळं वायाच गेलं ना? – नाशिक

उत्तर : नाही. साइड इफेक्टमुळे सुरुवातीच्याच डोसनंतर हे उपचार सोडावे लागलेल्या पेशंटचा हिशोब केला गेलाय, आणि पूर्ण घेणाऱ्यांपेक्षा ते मागे पडलेले नाहीत. एकदा जाग्या झालेल्या पेशी औषध थांबलं तरी काम करत राहू शकतात. स्टेरॉइड गरजेचेच होते, न देता आतड्याला भोक पडलं असतं तर जिवावर बेतलं असतं. फक्त ते आपल्या मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टर सांगतील तसे हळूहळू कमी करा, जुलाब परत सुरू झाले तर त्याच दिवशी फोन. पुढच्या काही महिन्यांत फार थकवा, चक्कर, बीपी कमी असं झालं तर थायरॉइड आणि कॉर्टिसॉल हे हार्मोन तपासायला सांगा, हा त्रास औषध बंद झाल्यावरही उशिरा होऊ शकतो. आणि खिशात एक कागद ठेवा, औषधांची नावं आणि शेवटच्या डोसची तारीख लिहून, कारण गल्लीतले डॉक्टर जुलाब म्हटलं की बाहेरचं खाल्लं असेल म्हणून ओआरएस आणि अँटिबायोटिक देऊन घरी पाठवतात.