म्हाका पाणी जाय!

अगं, तुझी पोरगी दोन वर्षांची झाली आणि मराठीत कोंकणी मिसळून 'म्हाका पाणी जाय' (मला पाणी हवं) म्हणते, त्यात घाबरण्यासारखं काय आहे? आमच्या फोंड्यातल्या घरी हेच चालायचं. आत मराठी, कुंपणापलीकडे कोंकणी. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं, असं सांगणारे भेटतील. ऐक आणि सोडून दे. शब्द मोजायचेच तर दोन्ही भाषांतले मिळून मोज. तिला टोकू नकोस, नुसतं 'हो, पाणी हवंय? घे पाणी' म्हण. मात्र दोन वर्षं उलटूनही ती दोन शब्द जोडत नसेल किंवा हाकेला वळत नसेल, तर डॉक्टरांना दाखव, कान तपासून घे. 'हिचा बापही उशिराच बोलला' हे सासूबाईंचं पालुपद तेव्हा कामाचं नाही.

पेज भरवताना मोबाईल नको. थोरल्याला मी तो दाखवला, मग पडद्याशिवाय तोंडच उघडेना. जागतिक आरोग्य संघटना या वयाला पडद्यासमोर दिवसाला जास्तीत जास्त १ तास सांगते, कमी तितका बरा.

आणि हो, पाहुणे लाडाने अख्खा काजू हातात देतात. घशात अडकतो. कूट करून पेजेत घाल.