ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरून हंपबॅक देवमासे कधी आणि कसे दिसतात?

मे ते नोव्हेंबर. बोट लागत नाही, उंच कडा आणि धीर पुरतो. बायरन बेजवळचं केप बायरन उत्तम, कारण मुख्य भूमीचं ते सर्वात पूर्वेकडचं टोक आहे आणि देवमासे तिथून जवळून जातात.

मे-जूनपासून ते अंटार्क्टिककडून उत्तरेच्या उबदार पाण्यात वीण आणि पिल्लांसाठी येतात. या काळात ते जवळपास काहीच खात नाहीत, अंटार्क्टिकच्या उन्हाळ्यात क्रिल (कोळंबीसारखे बारीक जीव) खाऊन साठवलेल्या चरबीवर जगतात. परतीला माद्या पिल्लांसह सावकाश, किनाऱ्यालगत जातात. माझ्या मते सप्टेंबर-ऑक्टोबर सर्वात सुंदर!

आधी दुर्बीण लावू नका. नुसत्या डोळ्यांनी क्षितिजाखालचा पट्टा न्याहाळा. पांढरा फवारा दिसला की मग दुर्बीण. शेपूट वर काढून बुडाला तर काही मिनिटं थांबा, तो पुढे सरकून वर येईल. वारा पडलेली सकाळ निवडा, लाटांच्या फेसात फवारा हरवतो.

याच बायरन बेला १९६२ पर्यंत देवमाशांची कत्तल करणारं केंद्र होतं. आज तिथूनच हजारो देवमासे सुखरूप जाताना पाहून मन भरून येतं.